मुदत ठेव मोडून होडी घ्यावी का?

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: वय ६८, पेन्शनमध्ये घर नीट चालतं, उजवा गुडघा कुरकुरतो, तरुणपणी शिडाची होडी चालवली होती आणि आता पुन्हा एकट्याने पाण्यात उतरायचं आहे. डोळ्यांसमोर दोन होड्या आहेत. एक कोरी करकरीत आरएस एरो, पण तिच्यासाठी मुदत ठेव मोडावी लागेल. दुसरी तीस वर्षांची लेझर, नवीच्या दहाव्या हिश्शात मिळणारी. "स्वस्तातली घेऊन मोकळा होऊ का?" असं तुम्ही विचारता.

नका घेऊ. कोरीही नका घेऊ. दोन्ही नकारांची कारणं वेगळी आहेत.

ठेवीचं आधी उरकतो. ती मोडली की तिचं व्याज कायमचं गेलं, आणि दवाखान्याच्या ऐनवेळच्या खर्चाला हाताशी असलेली रक्कमही गेली. होडी अडीअडचणीला दोन दिवसांत विकता येत नाही. हौसेसाठी बाजूला पडलेले पैसे असतील, तेवढ्यातच हे बसवायचं.

आता स्वस्ताईचं बघू. माझ्या मते होडीची खरी किंमत दर फेरीमागे मोजावी. आकडे समजण्यापुरते घेतो. नवी होडी १०० ला घेतली, पाच वर्षांनी ६० ला विकली, जागाभाडं-डागडुजीचे वर्षाला ५ धरले, तर पाच वर्षांत ६५ गेले. जुनी १० ला घेतली, शीड आणि ट्रॉलीला १२ घातले, वरखर्च तेवढाच, शेवटी ५ हाती आले, तर ४२ गेले. म्हणजे जुनीच स्वस्त? थांबा. नवी हलकी होडी वर्षातून ३० वेळा पाण्यात गेली आणि जुनी जड होडी ८ वेळा, तर पहिलीची एक फेरी ०.४३ ला पडते, दुसरीची १.०५ ला.

८ आणि ३० मधला फरक मी हवेतून काढलेला नाही. लेझरचं नुसतं धूड, म्हणजे शीड-डोलकाठी सोडून, सुमारे ५९ किलोचं, एरोचं ३० किलोचं. पाण्यावर ५९ किलो काहीच नाहीत. पण दमून परतल्यावर ओल्या उतारावरून ते एकट्याने वर ओढायचे, हे आठवलं की पुढच्या रविवारी माणूस आकाशात ढग शोधायला लागतो. शिवाय लेझरचा बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, बराच खाली असतो, बाजू बदलताना पार वाकावं लागतं, आणि होडीचा तोल राखायला बाहेर झुकून बसण्यात सगळा भार मांड्या-गुडघ्यांवर येतो. या वयात लेझर जमतच नाही असं मात्र नाही. तिच्या ज्येष्ठांच्या स्पर्धांत ६५ ते ७४ वयाचा वेगळा गट असतो, पंचाहत्तरीपुढचाही असतो. त्यातले बरेच जण मधली तीस-चाळीस वर्षं थांबलेलेच नसतात, एवढंच.

मीही एकदा अशीच जुनी लेझर 'कवडीमोलाने' घेतली होती. वाऱ्यात ती म्हशीसारखी जागची हलेना. शेवटी वजनकाट्यावर चढवली तेव्हा कळलं, आतल्या फोममध्ये इतकं पाणी मुरलं होतं की ते वाळवण्यापेक्षा होडी फेकणं परवडलं असतं. जुनी होडी बघायला जाल तेव्हा ती तोलून घ्या, डेकवर तळहाताने दाबून कुठे मऊ लागतं का बघा आणि डोलकाठीच्या खाचेत पाणी ओता. ते झिरपून खाली गेलं, तर तिथूनच घरी या.

मग घ्यायची कुठली? चार-सहा वर्षं वापरलेली, हलकी, आणि तुमच्या क्लबात आधीपासून चालणारी. नव्या होडीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. वरच्याच मापाने ६० ला घेऊन ४५ ला विकली, तर वरखर्च धरून पाच वर्षांत ४० जातात, म्हणजे ३० फेऱ्यांच्या हिशेबाने फेरीला ०.२७. तुमच्या तिन्ही वाटांत हीच सर्वांत स्वस्त. वापरलेली एरो मिळाली तर छोट्या शिडाची बघा. त्याच होडीला वेगवेगळ्या मापाची शिडं लागतात, त्यामुळे वारा किंवा वय वाढलं तर नुसतं शीड-डोलकाठी बदलून भागतं. ही सोय लेझरलाही आहे: ७.०६ चौरस मीटरचं शीड जड वाटलं, तर त्याच धुडावर ४.७ चं चढतं. आणि शर्यतीत उतरणार नसाल तर अधिकृत शिडाचा हट्ट नको, हुबेहूब बनवलेलं पुष्कळ कमीत येतं.

सोलोही विचारात घ्या. जॅक होल्टने १९५६ मध्ये आखलेली ही होडी ७० किलोची, म्हणजे ओढायला लेझरहूनही जड. पण आत ऐसपैस बसता येतं आणि वयस्कांत ती लोकप्रिय आहे. किनाऱ्यावर हात लावायला माणसं हमखास असतील तरच ती तुमच्या कामाची. कुणी न ऐकलेल्या जातीची होडी कितीही देखणी असो, सोडून द्या. ती विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मिळणार नाही.

एक हंगाम मात्र क्लबची होडी भाड्याने चालवा आणि प्रत्येक फेरी वहीत टिपा. दहाच्या आत राहिलात तर भाडंच परवडतं. वीसच्या पुढे गेलात तर वापरलेली हलकी होडी बिनधास्त घ्या. मुद्दाम एकदा उथळ पाण्यात होडी उलटवून परत आत चढूनही बघा. ते जमत नसेल, तर खाली वजन असलेली, आत खुर्चीसारखं बसून चालवायची हान्सा ३०३ बघावी लागेल आणि सगळं बजेट नव्याने मांडावं लागेल.

विम्याबद्दल विचारलंत. होडी स्वस्तातली असेल तर तिच्या मोडतोडीचा विमा सोडला तरी चालेल, पण दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा सोडू नका. क्लबच्या सभासदत्वात तो येतो का, हे आधी विचारून घ्या, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भराल. लाइफ जॅकेट मात्र जुनं घेऊ नका.