बेदाण्याची शेड आणि लेकीचा रिसर्च प्रोजेक्ट

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचं पत्र आलंय. मुलगी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं ये-जा करते. पत्र चार पानी आहे. त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो:

“तिच्या कॉलेजातले एक सर सोलर ड्रायरवर रिसर्च प्रोजेक्ट करतायत. तीन पोरं घेतलीत, त्यात ही आहे. जानेवारीपासून सुरू, उन्हाळ्याची सुट्टीही त्यातच जाणार. पैसे काही मिळणार नाहीत. सर म्हणतात पेपर होईल, पेटंट होईल. पेपर छापायला ग्रुपनं मिळून अडीच हजार भरायचेत. दुसरीकडं पुण्यातल्या एका संस्थेचं डेटा सायन्सचं दोन महिन्यांचं ट्रेनिंग आहे, फी अठरा हजार, सर्टिफिकेट मिळतं. आमच्या भावकीतल्या पोरानं तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुण्यातून तयार आणला, तरी त्याला कॅम्पसमधून नोकरी लागली. मग हिनं सुट्टी घालवून सरांची पीएचडी का पुरी करायची? आम्हाला यातलं काही कळत नाही. आमचं आपलं द्राक्ष आणि बेदाणा.”

रामराम. छाटण्या उरकून डोळ्याला डोळा लागला असेल अशा बेतानं लिहितोय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. लेकीला प्रोजेक्ट करू दे. पुण्याचे अठरा हजार वाचवा आणि पेपरचे अडीच हजार अजिबात भरू नका. आता कारणं.

तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं नाही. द्राक्ष वाळवण्यावर प्रोजेक्ट होणार आणि बेदाण्याची शेड असलेला माणूस म्हणतो, मला यातलं कळत नाही! उलट सर आणि तीन पोरं, त्या चौघांपेक्षा जास्त तुम्हालाच कळतं. मला पहिली शंका आली ती वेळापत्रकाची, आणि ती तुम्हालाही यायला हवी होती. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. सर म्हणतात उन्हाळ्याची सुट्टी. मे-जूनमध्ये ड्रायर उभा राहिला तर त्यात वाळवणार काय? अशा वेळी पोरं बाजारातून बटाटे आणतात, चकत्या वाळवतात आणि पेपरच्या शेवटच्या ओळीत ‘ही पद्धत द्राक्षासाठीही वापरता येईल’ असं लिहून मोकळी होतात. असे पेपर मी बरेच वाचलेत. तेव्हा सरांना पहिला प्रश्न हाच: ड्रायर जानेवारीअखेर तयार होणार का? होणार नसेल तर हा हंगाम निव्वळ मोजमापाला वापरा आणि ड्रायर पुढच्या वर्षी, तिच्या बी.टेक.च्या अंतिम प्रोजेक्टमध्ये करा. मला विचाराल तर हेच जास्त बरं.

मोजमाप म्हणजे काय, ते तुमच्याच शेडमध्ये उभं राहून बघू. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात माल बुडवला की सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग माल जाळीवर. समजा, २२ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) १० किलो द्राक्षं एका जाळीवर टाकली. ब्रिक्स २२ म्हणजे ढोबळमानानं २ किलो २०० ग्रॅम घन भाग, बाकी पाणी. बेदाण्यात १५ टक्के ओल ठेवायची असेल तर तो २ किलो २०० ग्रॅम हा तयार मालाचा ८५ टक्के भाग झाला. भागाकार करा, २ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास येतं. चार किलोला एक किलो हा तुमचा पिढीजात हिशोब तो हाच. आता ती जाळी रोज ठरलेल्या वेळी काट्यावर ठेवायची, वजन आणि वेळ वहीत लिहायची, सोबत शेडमधलं तापमान आणि हवेतली ओल. वजन २ किलो ६०० वर आलं की माल झाला. तुम्ही हे बोटांनी दाबून ओळखता, लेक ते आकड्यांत लिहील. वरच्या कप्प्यातली आणि तळातली जाळी एकाच दिवशी होते का? रात्री वजन किती उतरतं, की दवानं उलट वाढतं? अवकाळी पावसाचे दोन दिवस मध्ये आले तर माल किती दिवस मागं जातो? आपल्या भागातला रिसर्च प्रोजेक्ट याच्यापेक्षा वेगळा काही असायची गरज नाही.

ड्रायरबद्दलही तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे जी कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या, ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. सौद्यात भाव हिरव्या मालाला मिळतो, म्हणून तर आपण सावलीत वाळवतो. ड्रायरची पेटी जास्त तापली की माल पटकन वाळतो खरा, पण तांबूस पडतो. पंधरा दिवसांचं काम चार दिवसांत केलं असं पोस्टरवर लिहिता येईल, पण तो बेदाणा तासगावच्या मार्केट यार्डात ओतला की व्यापारी काय म्हणेल ते तुम्ही सरांना सांगा. मग प्रश्न आपोआप बदलेल: रंग न घालवता किती दिवस वाचतात? हा प्रश्न चांगला आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञालाही तो विचारता येईल, तो हसणार नाही. आणि शेतकऱ्याच्या नजरेतून संशोधन होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला तास-ए-गणेशची आठवण द्या. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेतून ती जात निवडून काढली ती तुमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या बागायतदारानं.

आता सरांबद्दल. हा त्यांच्या पीएचडीचाच विषय असेल, अगदी शक्य आहे. मला त्यात वावगं वाटत नाही. उलट ज्या गाईडचं स्वतःचं काही पणाला लागलेलं आहे तो निदान लॅबमध्ये सापडतो. प्राध्यापकांचीही ओढाताण असते. बढतीला शोधनिबंध मोजतात, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात संशोधनाचा वेगळा निकष असतो, वर तासिका आणि पेपर तपासणी आहेच. विद्यार्थी सोबत घेतल्याशिवाय त्यांचं काम उरकत नाही आणि अनुभवी माणसाशिवाय विद्यार्थ्याचं काम धड होत नाही. सौदा बरोबरीचा आहे का, एवढंच बघायचं. त्यासाठी लेकीनं सरांना नम्रपणे, पण जानेवारीच्या आत विचारून घ्यावं: सर, माझ्याकडं नेमका कुठला भाग? आठवड्यातून एकदा अर्धा तास तुम्ही आमच्याशी बसाल का? पेपर झाला तर नावं कुठल्या क्रमानं? मी केलेल्या नोंदी माझ्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला वापरता येतील ना? चांगला गाईड या प्रश्नांवर खूश होतो. “आधी काम कर, मग बघू,” असं उत्तर आलं तर मात्र सावध राहा. तीन पोरांत एक वेल्डिंगच्या दुकानात हेलपाटे घालतो, दुसरा पीपीटी रंगवतो आणि मोजमाप कुणीच करत नाही, असेही ग्रुप असतात. लेकीच्या वाट्याला मोजमाप यावं. हा माझा हट्ट समजा.

पेपर आणि पेटंट हे दोन शब्द आईवडिलांवर जादू करतात, म्हणून थोडं खोलात जातो. अडीच हजार घेऊन आठवडाभरात पेपर छापणारी जर्नल्स ढिगानं आहेत. तिथं कुणी काही वाचत नाही. खऱ्या जर्नलमध्ये तज्ज्ञ वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात, त्यात महिनोन्‌महिने जातात. काही चांगली जर्नल्सही पैसे घेतात, पण ते पेपर स्वीकारल्यावर, आणि ती रक्कम विद्यार्थ्यांच्या खिशातून जायचं कारण नाही. ‘यूजीसी मान्य’ असा शिक्का कुणी दाखवला तर एवढं लक्षात ठेवा, की यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ सालीच बंद झाली आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पेपर नसला तरी काही बिघडत नाही. भिकार पेपर असला तर मात्र बिघडतं, कारण जाणकार मुलाखतकार जर्नलचं नाव वाचूनच पान उलटतो.

पेटंटचं तसंच. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, जादा फी भरली तर लवकर. याला म्हणतात ‘पब्लिश्ड’. त्यावर तपासणी झालेली नसते, हक्क मिळालेला नसतो. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी अर्ज दिला आणि गावात सांगत सुटलं की जमीन माझी झाली, त्यातला प्रकार. मिळालेलं पेटंट म्हणजे ‘ग्रँटेड’. बायोडाटात यातलं कुठलं आहे ते लेकीनं स्पष्ट लिहावं, आणि नुसत्या आकाराची डिझाइन नोंदणी करून तिला पेटंट म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

भावकीतल्या पोराला नोकरी लागली, हे खरंच आहे आणि त्यात नवल नाही. मोठ्या आयटी कंपन्या एकाच दिवशी शेकड्यानं पोरं उचलतात तेव्हा ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची परीक्षा बघतात, प्रोजेक्टचं नाव विचारायलाही त्यांना सवड नसते. लेकीला तिकडंच जायचं असेल तर तिनं सुट्टी कोडिंगला द्यावी, मी ड्रायरचा आग्रह धरणार नाही. पण तिला मेकॅनिकलमध्येच राहायचं असेल, एखाद्या कंपनीच्या डिझाइन किंवा टेस्टिंग विभागात, किंवा गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला, तर गोष्ट वेगळी. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यावर एम.टेक.ला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि काही ठिकाणी प्रवेशाच्या मुलाखतीत प्रोजेक्टवरच चिरफाड करतात.

ती कशी, ते मी स्वतः भोगलंय. आमच्या वेळी आमच्या चौघांच्या ग्रुपनं तयार प्रोजेक्टच आणला होता. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सेन्सरवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा किती चुकतो?” आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मार्क बरे मिळाले, कारण तेव्हा सगळ्यांनाच बरे मिळायचे. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आता मीही मुलांना तोच विचारतो. तुमच्या लेकीलाही विचारतील. बाजारात शे-दीडशेला मिळणारा डीएचटी ११ सेन्सर तापमानात दोन अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडं-तिकडं दाखवू शकतो. त्याच्यावर मोजून ‘आमचा ड्रायर शेडपेक्षा दीड अंशानं गरम राहिला’ असं लिहिलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. डीएचटी २२ थोडा महाग, पण तापमानाला अर्ध्या अंशाच्या आत असतो. हे ज्या मुलीला स्वतःहून सांगता येतं तिला पेपर आहे का, हे दुय्यम ठरतं.

पुण्याच्या डेटा सायन्सचं एका परिच्छेदात संपवतो. दर दहा मिनिटांनी नोंद घेणारे सहा सेन्सर पंधरा दिवस शेडमध्ये ठेवले तर जवळपास तेरा हजार ओळी जमतात. त्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत घालून आलेख काढायचे, चुकीची नोंद ओळखून बाजूला काढायची. पायथनसाठी एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन, कोर्स फुकट आहेत, परीक्षा दिली तरच फी, तीही हजाराच्या घरात. दुसऱ्याच्या तयार आकड्यांवर अठरा हजार कशाला घालवायचे?

आणखी दोन दारं लेकीला सांगून ठेवा. विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा २००६ पासून राज्यभर होते, त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो आणि शिक्षकांचाही. दुसरं, देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाकडं काम करायला मिळतं, वर विद्यावेतन. अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर मागवतात, तेव्हा तिनं आजच बघावं. त्यालाही शिक्षक अर्ज करू शकतात, हे सरांच्याही कानावर घालायला हरकत नाही. समजा, लेकीची तिथं निवड झाली तर उन्हाळ्यात तिला जाऊ द्या. हंगामाच्या नोंदी तोवर वहीत आलेल्या असतील, ड्रायर कुठं पळून जात नाही.

सहाव्या सेमिस्टरची परीक्षा एप्रिल-मेमध्ये येईल, आणि एप्रिलमध्ये शेडमध्येही धांदल असेल. त्या दोन-तीन आठवड्यांत रोजचं वजन तुम्ही किंवा वहिनींनी घेऊन वहीत लिहावं, लेकीनं अभ्यास करावा. कुणी नोंद घेतली त्याची सही शेजारी करा, लपवू नका. आणि पेपरला मागितलेल्या त्या अडीच हजारांत १ ग्रॅम दाखवणारा, १५ किलोपर्यंतचा चांगला इलेक्ट्रॉनिक काटा येतो. तो फेब्रुवारीच्या आत आणा, आणि शेडच्या तळातली एक, मधली एक, वरची एक अशा तीन जाळ्या तिच्या नावानं बाजूला ठेवा. गड्यांना सांगून ठेवा, त्या जाळ्यांना तिच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही.