व्हिटॅमिन डी कमी आहे, म्हणूनच माझे पोट बिघडते का?

रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी कमी आले म्हणजे पोटाच्या तक्रारींचे मूळ सापडले, अशी समजूत आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या अनेकांची असते. पस्तिशीच्या एका शिक्षिका तीच घेऊन आल्या होत्या. बरेच महिने पातळ जुलाब, जेवणानंतर पोट फुगणे, घटलेले वजन, कमी हिमोग्लोबिन आणि अहवालात व्हिटॅमिन डी फक्त ९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. हा आकडा २० च्या खाली असला की कमतरता मानली जाते. ६०,००० युनिटची पावडर दर आठवड्याला, अशी ८ आठवडे घेऊनही आकडा जेमतेम १२ वर पोहोचला होता. "मॅडम, आणखी एक कोर्स केला तर पोट ताळ्यावर येईल का?" असे त्यांनी विचारले.

औषध नियमित घेऊनही आकडा हलला नाही, हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटली. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि ते अंगी लागायला पित्तरस व लहान आतड्याचे निरोगी अस्तर लागते. त्यामुळे सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होणारा आजार), क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), जुनाट स्वादुपिंडदाह अशा विकारांत होणारी कमतरता बहुधा आजाराचा परिणाम असते. आतड्याच्या पेशींना व्हिटॅमिन डी लागते, हेही खरेच आहे. त्याच्यावाचून कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि अस्तराची प्रतिकारशक्ती राखण्यातही त्याचा वाटा असतो. मात्र नुसत्या पावडरीने जुलाब थांबतात, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

मी त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि तोवर पोळी मुळीच बंद करू नका, असे बजावले, कारण गहू आधीच सोडला तर सीलिॲकची रक्ततपासणी आणि बायोप्सी दोन्ही फसवा दिलासा देऊ शकतात. निदान सीलिॲकचेच झाले.

पुढचे काम स्वयंपाकघरातले होते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ घरात असल्याने पोळीची उणीव भासली नाही. तरीही त्रास पुरता जाईना, तेव्हा मी फोडणीपर्यंत चौकशी केली. डबीतल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि डबीवर बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. शिवाय त्यांची ज्वारी गव्हाच्याच गिरणीत दळली जात होती. हिंग बंद झाला, दळण घरी होऊ लागले, आणि काही महिन्यांत जुलाब थांबून वजन वाढले. डॉक्टरांनी पुन्हा दिलेली पावडर या वेळी लागू पडली आणि व्हिटॅमिन डी ३० च्या वर गेले.

प्रत्येक कमी आकड्यामागे असा आजार नसतो. दिवसभर बंद खोलीत काम करणाऱ्यांना ऊनच मिळत नाही, आणि काचेतून येणाऱ्या उन्हाने त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही. परंतु वजन घटत असेल, रक्त कमी असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा पावडर घेऊनही आकडा वाढत नसेल, तर आधी पोटाची तपासणी करून घ्यावी. कोर्स स्वतःच्या मनाने लांबवू नये, कारण व्हिटॅमिन डीचा अतिरेक झाला की रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठता, भूक मंदावणे, अशा पोटाच्याच नव्या तक्रारी सुरू होतात.