बॅनर नंतर, नोंदणी आधी

राजा, सिनेटला, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेला, उभं राहायचं ठरवलंस, बरं केलंस. पण बॅनर छापायच्या आधी पदवीधरांची मतदार म्हणून नोंदणी कर. अमरावती विद्यापीठ पाच जिल्ह्यांचं. धारणीचा नाहीतर मेहकरचा पदवीधर आपण होऊन नाव नोंदवत नाही, त्याच्या गावी जावं लागतं. पदवीची प्रत तिथेच घे. "उद्या देतो" म्हणणारा पोळ्यापर्यंत देत नाही बाप्पा.

विधान परिषदेची यादी मात्र वेगळी. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, नमुना १८ हा नोंदणीचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, आणि १ नोव्हेंबरला पदवी मिळून ३ वर्षं झालेली हवीत. जुन्या यादीच्या भरवशावर बसलेले इथेच आपटतात.

निवडून आलास तर २०१६ चा विद्यापीठ कायदा आणि अर्थसंकल्प वाच. घोषणा देणारे अधिसभेत पुष्कळ असतात. तू लेखी विचार: पुनर्मूल्यांकनाचे निकाल कधी लागले, किती प्रकरणं अडली? असा प्रश्न प्रशासनाला टाळता येत नाही.

आमदारकीची घाई मला पटत नाही. पंजाबराव देशमुख १९५२ मध्ये केंद्रात कृषिमंत्री झाले, पण अमरावतीत वसतिगृह आणि शिक्षणसंस्था त्यांनी कितीतरी आधी उभी केली होती. तू सध्या तालुक्याच्या वसतिगृहातली मेस बघ.