जळगावात फ्लॅटच्या बाथरूममध्ये एलपीजी गॅस गिझर बसवला तर चालेल का? छोटा व्हेंटिलेटर आहे.

नाही, व्हेंटिलेटर असला तरी बाथरूमच्या आत बसवू नका; बाहेर मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टलगतच्या उघड्या जागेत लावा आणि फक्त गरम पाण्याची पाइप आत घ्या. गिझरची ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन वापरते, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास ना रंग, त्यामुळे अंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत भोवळ येते. थंडीत आपल्याकडे लोक व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतात, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. धुळ्या-जळगावकडे गिझर-शेगडी दुरुस्तीचं काम करतो, त्यावरून सांगतोय. बसवून झाल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून गळती बघा, काडी पेटवून नव्हे. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर बंद करून बर्नर साफ करून घ्या. बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या नळीत क्षार बसतात, धार बारीक होते. दरवर्षी थंडीआधी डिस्केलिंग करा, म्हणजे ते क्षार काढून घ्या. रबरी नळी आयएसआय मार्कचीच घ्या, तडा दिसला की लगेच बदला. एक अडचण मात्र आहे: वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावर असेल तर पाण्याला दाब मिळत नाही, आतला डायफ्रॅम (पाण्याच्या दाबाने हलणारा पडदा) उचलत नाही आणि गिझर पेटतच नाही. तिथे, किंवा बाहेर जागाच नसेल तर, इलेक्ट्रिक घ्या. गच्ची तुमची असेल तर खानदेशातल्या उन्हात सोलर सगळ्यात परवडतो.