मे महिन्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल घरी बदलायचं असेल, तर पहाटे बदला

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापरलेला हायलक्स ऑटोमॅटिक पिकअप घेतलाय, मीटरवर ८४,००० किमी, गिअरबॉक्स ऑईल कधी बदलल्याची नोंद नाही, सकाळी 'डी'त टाकताना हलका झटका बसतो. एक गॅरेजवाला म्हणतो 'लाईफटाईम ऑईल आहे, हात लावू नका', दुसरा मशीनने फ्लशिंग (दाबाने नवं ऑईल ढकलून जुनं बाहेर काढणं) करा म्हणतो. तुम्हाला मात्र सोलापुरात घरच्या अंगणात, येत्या रविवारी दुपारी, स्वतः बदलायचंय.

बदला. मशीन लावू नका. आणि दुपारी तर अजिबात करू नका, कारण या कामात ऑईल काढणं-भरणं सोपं आहे, लेव्हल बरोबर लावणं अवघड आहे, आणि ती लेव्हल ठरते तापमानावर.

आधी 'लाईफटाईम'चं. झेडएफ ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं ऑईल ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांत बदलायला सांगते. तुमचा गिअरबॉक्स त्यांचा नाही, पण आतल्या क्लच प्लेटा, टॉर्क कन्व्हर्टर आणि ऑईल तापणं हे सगळीकडे सारखंच. हे ऑईल नुसतं वंगण नाही. त्याच्याच दाबावर क्लच धरतात, त्याच्यातूनच कन्व्हर्टर इंजिनाची ताकद पुढे देतो, आणि उष्णताही तेच वाहून नेतं. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत डाळिंबाचे क्रेट भरून तुळजापूरचा घाट चढणारी गाडी ही मॅन्युअलच्या भाषेत 'कठीण वापर'वालीच. तिला लाईफटाईमचा हिशोब लागू होत नाही.

मशीनने फ्लशिंग चुकीचंच असतं असं नाही. पण इतिहास माहीत नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ते आधी करू नये. तळाला बसलेला गाळ दाबाने उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑईलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. ड्रेन करून भरण्याच्या पद्धतीत गाळ खालूनच निघतो आणि नवं ऑईल हळूहळू मिसळतं. 'जुनं ऑईल काढलं की गिअर स्लिप व्हायला लागतो' असंही ऐकाल. तसं झालं तर क्लच आधीच गेलेले असतात. आत्ताच गिअर बदलताना इंजिन मोकळं फिरून आरपीएम वर पळत असेल, तर ऑईलवर पैसे घालण्याआधी चांगल्या ठिकाणी तपासणी करा.

झटक्याबद्दल आणखी एक. आवाज 'टक्क' असा धातूचा असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, हाताने हलवून बघा आणि निपलमधून ग्रीस भरा. सुकलेल्या क्रॉसचा दोष पुष्कळदा गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

आता ऑईल. हायलक्सला टोयोटाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) डब्ल्यूएस. दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणून जुन्या डेक्स्रॉन-३ चा डबा पुढे करेल, घेऊ नका. डब्ल्यूएस पातळ आहे आणि क्लच किती अलगद धरायचा ते त्यातल्या रसायनांवर ठरतं. सीव्हीटीचं (पट्टा-पुलीवाल्या ऑटोमॅटिकचं) ऑईल तर चुकूनही नको. पार्ट काउंटरवरून बिलासह सीलबंद घ्या. ८ लिटर आणा, का ते पुढे सांगतो. सोबत ड्रेन आणि लेव्हल प्लगचे नवे वॉशर. (वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमची गाडी एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारी) असेल तर हे काही लागू नाही. तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, त्यात गिअर ऑईल पडतं.)

गाडीखाली तीन प्लग ओळखायचे आहेत. बाजूला उंचावर भरायचा प्लग, चेंबरच्या (गिअरबॉक्सखालच्या ऑईल साठणाऱ्या पत्र्याच्या तव्याच्या) तळाला ड्रेन प्लग, आणि चेंबरलाच लेव्हल प्लग, ज्याच्या आत एक उभी नळी असते. ऑईल त्या नळीच्या तोंडापेक्षा वर असेल तर सांडतं, खाली असेल तर सांडत नाही. या गाडीला डिपस्टिक नाही, हीच तिची डिपस्टिक. गाडी फोर बाय फोर असल्याने मागे ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आहे आणि त्यालाही स्वतःचे प्लग आहेत. घाईत तोच मोकळा करणारे कमी नाहीत. प्लगला गोटी (सॉकेट पाना) कुठल्या मापाची बसते ते आदल्या दिवशीच लावून बघा.

आणि हे पाठ करा: भरायचा प्लग आधी सैल करून बघायचा, मगच ड्रेन प्लगला हात लावायचा. वरचा प्लग गंजून बसलेला असेल आणि खालून ऑईल काढून टाकलं असेल, तर गाडी अंगणातच अडकते. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. जोर लावून आटे गेले तर खर्च मोठा.

जागेचं बघा. आपल्याकडची शहाबादी फरशीची अंगणं पावसाचं पाणी जावं म्हणून गटाराकडे उताराची असतात. डोळ्यांना सपाट दिसतात, पण गवंड्याची लेव्हल नळी चेसिसला लावली की पुढे-मागे फरक कळतो. खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवून गाडी सपाट करा. गाडी उंच आहे, जॅक न लावता खाली सरपटत जाता येतं, आणि तेच बरं: फक्त पुढून उचलली की लेव्हल चुकलीच. उचलायचीच असेल तर चारही बाजूंनी सारखी, घोड्यांवर (जॅक स्टँडवर), घोड्यांखाली जाड फळी (फरशी तडकते). नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना दगडाची ओट लावा.

पुसायला काय घेताय? सोलापुरात टॉवेलच्या चिंध्या आणि सुताचं वेस्ट स्वस्तात मिळतं, गॅरेजमध्ये तेच असतं. बाहेरून पुसायला ठीक आहे. चेंबरच्या आत मात्र सुताचा एक धागाही जायला नको, तो स्ट्रेनरला (आतल्या गाळणीला) जाऊन चिकटतो. आतून पुसायला लिंट न सुटणारं मायक्रोफायबर किंवा पेपर रोल. प्लग उघडण्याआधी आजूबाजूची धूळ ब्रशने झाडून घ्या.

आता वेळ. टोयोटाच्या या गिअरबॉक्सांत लेव्हल ४० अंशांच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात बघायची असते. नेमका पट्टा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ऑईल दर अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगतं. आत ९ लिटर धरले आणि ४० ऐवजी ६० अंशांवर बघितलं, तर जवळपास १५० मिली ऑईल निव्वळ फुगल्यामुळे जास्त दिसतं. कन्व्हर्टर आणि नळ्या कायम भरलेल्या असतात, त्यामुळे ही सगळी वाढ चेंबरमध्येच दिसते. तुम्ही 'ओघळ आला, झालं' म्हणून प्लग लावता, आणि गाडी तेवढ्याने रिकामी राहते. मे महिन्यात दुपारी अंगणातली हवाच ४२ अंश, म्हणजे इंजिन सुरू करायच्या आत तुम्ही पट्ट्याच्या वरच्या टोकाला. पहाटे साडेपाच-सहाला ऑईल हवेइतकंच, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असतं. इंजिन चालू केल्यावर ४० पर्यंत यायला काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात शांतपणे काम होतं. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, म्हणजे सायलेन्सरनेही भाजणार नाही.

तापमान मोजायला ओबीडीचा (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा) ब्लूटूथ ॲडाप्टर आणि फोनवरचं ॲप. ते गिअरबॉक्सचं तापमान दाखवतं का, ते आदल्या दिवशी बघून ठेवा. स्वस्तातले काही ॲडाप्टर फक्त इंजिनाचं दाखवतात. इन्फ्रारेड गन चेंबरवर धरून अंदाज येतो, पण पत्र्याचं आणि आतल्या ऑईलचं तापमान एक नसतं.

ड्रेन प्लग काढून खाली घमेलं लावा. साधारण तीन ते साडेचार लिटर निघेल, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. निघालेलं ऑईल मापाच्या कॅनमध्ये ओता आणि आकडा लिहून ठेवा. तेवढंच, एक थेंबही कमी नाही, परत भरायचंय. दोन्ही ऑईल त्याच पहाटेच्या तापमानाची असल्याने ही मोजणी खरी ठरते.

रंग नीट बघा. तपकिरी लाल म्हणजे वय झालंय, काळजी नाही. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच घासलेत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय. मग नवं ऑईल घालून गाडी चालवू नका, कूलर आधी.

नोंद नसलेल्या गाडीचा चेंबर पहिल्या वेळी खोलावा असं माझं ठाम मत आहे. आतल्या लोहचुंबकांवर करडी मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे चकाकते तुकडे मिळाले तर थांबा. स्ट्रेनर साफ किंवा नवा, पॅकिंग नवं. चेंबरच्या बारीक बोल्टांना १० न्यूटन-मीटरही लागत नाहीत. टॉर्क पाना घ्या, समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने कसा. हाताच्या अंदाजाने कसले की पत्रा वाकतो आणि पाझर सुरू होतो.

मग भरायच्या प्लगमधून हातपंपाने किंवा लांब नळी लावलेल्या नरसाळ्याने, काढलं तेवढं घाला. चेंबर खोलला असेल तर पाव-अर्धा लिटर जास्त लागेल. वरचा प्लग हाताने लावून इंजिन सुरू करा, एसी बंद. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी-आर-एन-डी असा फिरवा, प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद, तसाच परत पी. ॲपवर पट्टा आला की इंजिन चालूच ठेवून लेव्हल प्लग काढा. बंद इंजिनवर बघायचं नाही: पंप थांबला की वरचं ऑईल चेंबरमध्ये उतरतं आणि लेव्हल खोटी वर दिसते. धार येऊन ती थेंबावर आली की प्लग लावा. काहीच आलं नाही तर वरून थोडं थोडं घाला, थेंब येईपर्यंत. तापमान पट्ट्याच्या वर गेलं तर घाईने प्लग लावून निकाल देऊ नका. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, नाहीतर दुसऱ्या पहाटे पुन्हा. कमी भरलं तर 'डी' उशिरा धरतो आणि पंप घूं घूं करतो. जास्त झालं तर फिरते भाग फेस करतात आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) ऑईल बाहेर येतं.

एकदा केलं म्हणजे सगळं ऑईल नवं झालं असं नाही. ९ पैकी ३.६ लिटर निघालं तर ४० टक्के नवं. आठ-दहा दिवस चालवून पुन्हा तसंच केलं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८. दुसऱ्या वेळी चेंबर खोलायची गरज नाही. म्हणून ८ लिटर, दोन वेळांना. तिसरी वेळ दुसऱ्या वेळचा रंग बघून ठरवा.

पहिल्या आठवड्यात रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी गाडी हलवण्याआधी तो बघा. लाल डाग दिसला तर प्लगचा वॉशर किंवा पॅकिंग. काढलेलं ऑईल गटारात किंवा शेतात टाकू नका, वाळवी लागू नये म्हणून लाकडालाही फासू नका. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून जुनं ऑईल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. निघालेल्या ऑईलचा पांढऱ्या कागदावरचा फोटो आणि किती लिटर निघालं ते इथे टाका, म्हणजे चेंबर खोलल्यावर पुढे काय करायचं ते सांगता येईल.