छिद्रं लहान, मग तपासण्या एवढ्या कशाला?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी त्यांची रोबोटिक शस्त्रक्रिया ठरली आहे. पोटाला फक्त लहान छिद्रं पाडणार, असं सांगितलं होतं. तरी भूलतज्ज्ञांनी जिने किती चढता, घोरता का, असं विचारलं आणि काचबिंदू आहे म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यात आठवडा गेला. याची खरंच गरज होती?

उत्तर : होती. कर्करोग म्हटल्यावर एकेक दिवस जड जातो, हे मला ठाऊक आहे. पण छिद्रांवरून शस्त्रक्रियेचा भार ओळखू नका. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. शिवाय आतडी वाटेतून सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडे २५-३० अंश खाली झुकवतात, आणि वडील काही तास तसेच असणार. आतडी आणि वायू मिळून श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, छातीत ढकलतात, फुफ्फुसांना फुगायला जागा कमी पडते. रक्तात शिरलेला वायू बाहेर काढायलाही फुफ्फुसंच हवीत. दोन मजले न थांबता चढता येतात का, हे आम्ही भूलतज्ज्ञ त्यासाठी विचारतो.

डोकं खाली असलं की डोळ्यांतला दाबही चढतो. काचबिंदूने आधीच दुखावलेली नस त्यात आणखी खराब होऊ नये, म्हणून ती तपासणी. काचबिंदूचे थेंब शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही चुकवू नका.

रोबोटचे हात जोडले की माझा हात रुग्णापर्यंत सहज पोचत नाही. जास्तीची सलाईन लावायची म्हटली तरी अडचण. म्हणून जे कळायचं ते आधीच कळायला हवं.

माझे एक रुग्ण "अजिबात घोरत नाही" म्हणाले. मागे उभ्या पत्नी हळूच म्हणाल्या, "रात्री यांचा श्वास थांबतो. मी हलवून जागं करते." तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला, तोही बराच. पुढच्या भेटीला आईंनाही सोबत न्या. गोळ्यांची पाकिटंही न्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या तर नक्कीच. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण स्वतःहून थांबवू नका.

शुद्धीवर आल्यावर वडिलांचा चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसतील, कदाचित खांदाही दुखेल. घाबरू नका, सूज बहुधा डोकं खाली असल्याची आणि दुखणं वायूचं असतं. मात्र डोळा दुखला किंवा अंधुक दिसलं, तर नर्सना लगेच सांगा.