डोस्कं बापावर गेलंय

"मॅडम, ह्येचं डोस्कं बापावर गेलंय बघा. त्येनीबी सातवीतनंच शाळा सोडली. शिकवणी लावतो म्हणतो, खरं रक्तातच न्हाई तर पैसे घालून काय उपेग?"

('खरं' म्हणजे आमच्या बेळगावात 'पण'.) माझ्याकडं सल्ल्याला आलेल्या बाई खानापूर रोडवरच्या एका गावातल्या, घरी दोन म्हशी. नववीतला मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

जनुकांचा काही संबंध नाही, असा खोटा धीर मी कुणाला देत नाही. मेंदूतली कुठली पेशी कुठं जायची, कुणाशी जोडली जायची, याचा पहिला आराखडा त्यांच्यातूनच येतो. पण 'हुशारीचं जनुक' असं एकच काही नसतं. पुष्कळ असतात, आणि एकेकाचा वाटा चिमूटभर.

त्या बाईंना मी उंदरांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत ट्रायन नावाच्या शास्त्रज्ञानं चक्रव्यूहात वाट पटकन शोधणारे उंदीर आपसात वाढवले, चुकणारे आपसात. काही पिढ्यांत 'हुशार' आणि 'ढ' अशी दोन घराणीच झाली. म्हणजे रक्तात होतं की! पुढं 1958 साली कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी अशाच निवडून वाढवलेल्या 'हुशार' आणि 'ढ' घराण्यांची पिल्लं घेतली. बोगदे, उतार, खेळणी असलेल्या पिंजऱ्यात वाढलेली 'ढ' पिल्लं जवळजवळ हुशारांइतक्याच कमी चुका करायला लागली. आणि रिकाम्या पिंजऱ्यात वाढलेले हुशार? ढ उंदरांइतकेच चुकले.

"म्हंजे पिंजराबी बघाय लागतोय," बाई म्हणाल्या. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. शिकताना पेशींतली काही जनुकं नव्यानं कामाला लागतात, त्यातून प्रथिनं बनतात आणि पेशींमधले जोड पक्के होतात. आठवण टिकते ती त्यामुळं. त्यासाठी झोप हवी, आणि पुन्हापुन्हा आठवून बघणंही.

मग पोराकडं वळले. पहाटे चारला उठून हा टिळकवाडीत दूध घालतो. बावीस घरं. कुणाचं अर्धा लिटर, कुणी मागच्या महिन्यात किती दिवस बंद ठेवलं, सगळं तोंडपाठ, वही नाही. हे 'ढ' डोकं! कन्नड माध्यमाचं गणिताचं पुस्तक उघडून दिलं, तर शाब्दिक उदाहरणात प्रत्येक ओत्ताक्षरापाशी अडखळला. अक्षराखाली लटकलेलं ते जोडाक्षर सुटेपर्यंत वाक्याचं आधलं टोक हातातून निसटायचं. घरात सगळं मराठी. अडचण वाचनात होती, आणि तिचं नीट मूल्यांकन करून घ्यायला मी सांगितलं.

तोवर दुधाची फेरी शनिवार-रविवारपुरती, रोज वीस मिनिटं मोठ्यानं कन्नड वाचन, आणि पुस्तक मिटून आठवेल ते सांगणं. चार महिन्यांनी गणितात पंचवीसपैकी सहाचे अकरा झाले. फार नाहीत.

निघताना बाई दारात थांबल्या. "खरं मॅडम, धाकटी माझ्यावर गेलीया. तिचं काय?"